उंबरठ्याच्या आतला कामगार

(स्मृतिव्याख्यानमालेतील भाषणाचा लिखित पाठ)



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी या वाचनालयात जमतो, त्या बाईंनी आयुष्याची बरीच वर्षं रात्रशाळेत शिकवण्यात घालवली. समोर बसलेला विद्यार्थी दिवसभर काय काम करून आला आहे हे शिक्षकाला ठाऊक असलंच पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे. त्या आग्रहाला स्मरून यंदा मी कामाविषयी बोलायचं ठरवलं. आणि तेही घरात होणाऱ्या, म्हणून बाहेरच्याला न दिसणाऱ्या कामाविषयी.

‘वर्क फ्रॉम होम’ हे शब्द पुण्यातल्या घराघरांत पोचले ते मार्च २०२० मध्ये. इथे बसलेल्यांपैकी अनेकांची मुलं-सुना हिंजवडीला किंवा खराडीला जायची, ती अचानक घरातल्या खोलीत बसून काम करू लागली. तेव्हापासून या विषयावर जे लिहिलं-बोललं जातं ते बहुतेक संगणकावर काम करणाऱ्यांबद्दल असतं. पण आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं जानेवारी २०२१ मध्ये घरून होणाऱ्या कामावर एक मोठा अहवाल काढला, त्यातला आकडा पाहा. २०१९ मध्ये, म्हणजे टाळेबंदीच्या आधीच, जगात सुमारे २६ कोटी माणसं घरात बसून रोजगार करत होती आणि त्यांत निम्म्याहून अधिक स्त्रिया होत्या. त्यांतल्या बहुतेकींच्या घरात संगणक नव्हता. सूप होतं, शिवणयंत्र होतं, पोळपाट-लाटणं होतं, माग होता. येवल्याच्या पैठणी विणणाऱ्याच्या घरात आजही खड्डामाग बसायच्या खोलीतच असतो आणि सगळं कुटुंब त्याच्या भोवतीनं वावरतं.

तेव्हा घरून काम ही आपल्याकडे जुनीच रीत आहे. त्या रीतीत राबलेल्या बायकांनी काही लढाया लढल्या, काही जिंकल्या, काही हरल्या. त्यांच्या अनुभवातून मला जे उमगलं ते आधीच सांगून टाकतो. घरून काम करणाऱ्याला सर्वांत मोठी उणीव असते ती सोबतच्या कामगाराची. जागा, वेळ, मजुरी हे प्रश्न खरे आहेतच, पण ते सोडवण्याचं बळ माणसं एकमेकांना भेटतात तेव्हा येतं. भेटण्याचं ठिकाणच नसेल तर कायदा कागदावर राहतो.

हे नीट कळण्यासाठी आधी गिरणीच्या दारात जाऊ. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत कापडगिरणी उभारायला घेतली आणि पुढच्या काही दशकांत हजारो माणसं घर सोडून एका फाटकातून आत जाऊ लागली. गिरणीतलं जिणं भयंकर होतं. त्याचं गुणगान करायचं माझ्या मनात नाही. पण सगळे एकाच भोंग्याला येत आणि एकाच भोंग्याला बाहेर पडत, म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांना त्यांच्या सभा घेता आल्या, अर्जांवर सह्या जमवता आल्या. १८८४ पासून त्यांनी धरलेल्या मागण्यांत आठवड्याच्या सुटीची मागणी होती आणि १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरण्यांनी रविवारची सुटी मान्य केली. आज आपण सगळेच जो रविवार उपभोगतो तो फाटकापाशी जमलेल्या माणसांनी मिळवलेला आहे. घरात राबणाऱ्या बाईला मात्र तो रविवार त्या वेळी मिळाला नाही, नंतरही नाही.

आता सोलापूरला चला. तिथे मी थोडा जास्त वेळ थांबणार आहे.

सोलापूर गिरण्यांचं आणि चादरींचं गाव म्हणून आपल्याला माहीत आहे. पूर्व भागात तेलुगू बोलणारी पद्मशाली कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. पुरुष मागावर आणि बाई विडीवर, अशी तिथल्या असंख्य घरांची रचना होती आणि पुष्कळ ठिकाणी अजून आहे. गिरण्या बंद पडत गेल्या तशी विडीची मजुरी हा वरकड पैसा उरला नाही, ते घराचं मुख्य उत्पन्न झालं. गोंदिया, गडचिरोलीच्या जंगलात उन्हाळ्यात तोडलेला तेंदूपत्ता या घरांत येतो. बाई तो भिजवते, मापाच्या पत्र्यावर ठेवून कात्रीनं कापते. मग सूप मांडीवर घेऊन बसते. एका पानात चिमूटभर तंबाखू, बोटांची एक वळवण, दोऱ्याचा फेर, तोंड दुमडलं की एक विडी झाली. मजुरी दर हजार विड्यांमागे. हजार विड्या वळायला दिवस जातो आणि त्या दिवसातच स्वयंपाक, पाणी, मुलांची शाळा, म्हाताऱ्यांची औषधं हे सगळं बसवायचं असतं. मान आणि पाठ धरते. तंबाखूची धूळ घरभर असते, रांगतं मूल त्याच धुळीत रांगतं. वळणाऱ्या बाईची मुलगी शाळेतून आली की दोरा बांधायला बसते, आणि ती किती विड्या बांधते याचा हिशेब कुठल्याही वहीत नसतो.

पण या बाईला रोजच्या रोज घराबाहेर पडावं लागतं. वळलेला माल घेऊन तिला कारखान्यात जायचं असतं. तिथे माल मोजतात, तपासतात आणि दुसऱ्या दिवसाची पानं-तंबाखू देतात. रांगेत शेजारी उभी असलेली बाई तेच काम करते, तिलाही पानं कमी भरली आहेत, तिच्याही विड्या बाजूला काढल्या आहेत. हे तिला तिथे उभं राहून कळतं. घरात बसून ते कधीच कळलं नसतं. ‘आपल्याच हाताला सफाई नाही’ असं समजून ती गप्प राहिली असती.

विड्या बाजूला काढणं म्हणजे छाट. मालाची तपासणी करणारा विड्यांवरून हात फिरवतो आणि न पसंत पडलेल्या वेगळ्या काढतो. त्या विड्यांची मजुरी बुडते आणि त्यांना लागलेलं पान भरून काढायला बाईला पदरचे पैसे घालून बाजारातून पान आणावं लागतं. छाटीवरून झालेली भांडणं, रडारड आणि संप यांचा इतिहास लिहायला घेतला तर एक ग्रंथ होईल. संसदेनं १९६६ मध्ये विडी आणि सिगार कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला, त्यात कच्चा माल देण्यावरून आणि विड्या नाकारण्यावरून होणारे तंटे सोडवण्याची वेगळी तरतूद करावी लागली. त्या कायद्याखालच्या नियमांत छाटीला मर्यादा घातली गेली. हा कायदा मला फार महत्त्वाचा वाटतो. विडीच्या शेडना कारखाना कायदा लागू होऊ लागला तसे मालक काम लहान लहान जागांत आणि मग घराघरांत पांगवू लागले होते. पांगलेल्या कामाच्या मागे कायदा घरापर्यंत गेला. मालकानं किंवा ठेकेदारानं कच्चा माल दिला आणि बाईनं तो घरी नेऊन विड्या वळल्या, तरी ती त्याची कामगार, असं त्यात लिहिलं गेलं. बाळंतपणाच्या लाभाचा कायदाही घरी वळणाऱ्या बाईला लागू झाला. १९६६ मध्ये! आज बड्या कंपन्यांसाठी घरून कंत्राटावर काम करणाऱ्या कितीजणींना तेवढं संरक्षण आहे, हे आपण आपल्याच नात्यागोत्यात विचारून पाहावं.

याच कायद्यात एक सीमारेषाही होती. आपल्याच घरात, आपल्याच कुटुंबीयांच्या मदतीनं, कुणाचाही नोकर नसताना विड्या करणाऱ्याला तो लागू नव्हता. म्हणजे स्वतःचा धंदा करणारा वेगळा आणि दुसऱ्यासाठी घरून राबणारा वेगळा. रेषा बरोबरच आहे. पण मालकांचा वकील उभा राहिला की प्रत्येक बाई ‘स्वतःचा धंदा करणारी’ ठरू लागते. ती हवं तेव्हा काम करते, तिच्यावर कुणी मुकादम नाही, ती कुणाला मदतीला घेते हे आम्ही विचारत नाही, मग ती आमची कामगार कशी? हाच युक्तिवाद भविष्यनिर्वाह निधीच्या वादात झाला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. पी. एम. पटेल अँड सन्स विरुद्ध भारत सरकार या खटल्यात १९८५ मध्ये न्यायालयानं निकाल दिला, की घरी विड्या वळणारे कामगारही या निधीचे हक्कदार आहेत. मालकाचं नियंत्रण कशावरून ठरवायचं? न्यायालयानं अनेक गोष्टी पाहिल्या, पण त्यांत निर्णायक ठरला तो माल नाकारण्याचा अधिकार. ज्याला तुमची विडी बाजूला काढता येते त्याचं तुमच्या कामावर नियंत्रण आहे, मग तो तुमच्या घरात कधी पाऊल न का टाकेना.

मी हा निकाल अनेक वर्षं विद्यार्थ्यांना शिकवत आलो. ज्या छाटीनं बाईला छळलं तीच तिच्या हक्काचा पुरावा झाली, याचं मोल मला दर वेळी नव्यानं जाणवतं. आज घरून काम करणाऱ्या मुलाला ‘तू फ्रीलान्सर आहेस, आमचा कर्मचारी नाहीस’ असं सांगितलं जातं, तेव्हा हाच प्रश्न विचारायला हवा. तुझं काम नाकारण्याचा, पुन्हा करून घेण्याचा, पैसे अडवण्याचा अधिकार कुणाला आहे? एकाच कंपनीसाठी वर्षभर काम करतोस, तिचा माणूस रोज तुझं काम तपासतो आणि परत पाठवतो, तर तू स्वतंत्र धंदेवाईक कुठल्या अर्थानं?

एकत्र येण्याच्या ताकदीचं दुसरं उदाहरण केरळातलं आहे. कण्णूरकडे विडी कामगार मोठ्या खोल्यांत एकत्र बसून विड्या वळत. त्यांच्यातला एकजण सगळ्यांना मोठ्यानं वर्तमानपत्र वाचून दाखवी आणि त्याच्या वाट्याच्या विड्या इतरजण वळून देत. १९६६ चा कायदा लागू होताच तिथल्या मोठ्या मालकांनी १९६८ मध्ये कारखाने बंद केले, तेव्हा या कामगारांनी १९६९ मध्ये ‘दिनेश विडी’ ही स्वतःची सहकारी संस्था उभारली. ज्यांनी वर्षानुवर्षं एकत्र बसून पेपर ऐकला, वाद घातले, त्यांना ते जमलं.

सोलापूरच्या बायकांनी दुसरं काही उभारलं. ज्या बाईचं घर हाच कारखाना, तिच्यासाठी घराची मागणी ही कामगाराची मागणी असते, हे तिथल्या चळवळीनं नेमकं ओळखलं. दहा बाय दहाच्या भाड्याच्या खोलीत पानांचा ढीग, तंबाखू, चूल आणि सहा माणसं. घरमालक पान भिजवायला पाणी देत नाही, तंबाखूच्या वासाची कुरकुर करतो. कामगार नेते नरसय्या आडम, ज्यांना अवघं सोलापूर आडम मास्तर म्हणतं, त्यांच्या पुढाकारानं विडी कामगार स्त्रियांची सहकारी गृहनिर्माण संस्था झाली. तिला वारली आदिवासींना संघटित करणाऱ्या गोदूताई परुळेकरांचं नाव दिलं. सोलापूरजवळ कुंभारीला १०,००० घरांची वसाहत उभी राहिली आणि २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते किल्ल्या दिल्या गेल्या. पुढे त्याच परिसरात ३०,००० घरांची रे नगर वसाहत आखली गेली. त्यांतल्या १५,००० घरांचा ताबा जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते मिळाला. रे नगरात विडी कामगारांबरोबर यंत्रमाग कामगार, फेरीवाले, कचरावेचक, रिक्षाचालकही आहेत. राजकारणातले मतभेद बाजूला ठेवून एवढं पाहू, की रोज कारखान्याच्या दारात रांगेला उभ्या राहणाऱ्या बायकांनी दोन टोकांच्या सरकारांकडून घरं घेतली.

पण विडी कामगारांच्या या कमाईला दोन धोके आहेत, ते लपवून चालणार नाही. १९७६ मध्ये विडी कामगार कल्याण निधी सुरू झाला. विडीवरच्या उपकरातून त्यात पैसा येई आणि ओळखपत्र असलेल्या कामगाराला त्यातून दवाखाना, मुलांना शिष्यवृत्ती, घरबांधणीला मदत मिळे. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा हा उपकर गेला. आणि १९६६ चा स्वतंत्र कायदाही आता नव्या कामगार संहितांत विलीन झाला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या संहिता लागू झाल्या. सामाजिक सुरक्षा संहितेत घरून काम करणाऱ्या कामगाराची व्याख्या आहे आणि ती चांगली व्यापक आहे: मालकाच्या जागेऐवजी स्वतःच्या घरी किंवा स्वतः निवडलेल्या जागी मोबदला घेऊन वस्तू वा सेवा निर्माण करणारी व्यक्ती, मग साधनं मालकानं पुरवलेली असोत किंवा नसोत. शब्दशः पाहिलं तर यात विडीवाली येते, तशीच लॅपटॉपवालीही येऊ शकते. पण अशा कामगाराची गणना असंघटित कामगारांत केलेली आहे. तिथे योजनांची आश्वासनं आहेत. मालकावर थेट पडणारी बंधनं फार कमी आहेत. विडी कामगाराला १९६६ च्या कायद्यानं जे मालकाकडून मिळवून दिलं ते सरकारच्या योजनेवर ढकललं जाऊ नये, यासाठी आता डोळ्यांत तेल घालून नियम वाचावे लागतील.

विडीनंतर पापड. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. जसवंतीबेन पोपट त्यांतल्या एक. त्यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. लिज्जतची ही कथा आपण सर्वांनी ऐकलेली आहे, म्हणून कौतुकाचा भाग सोडतो. माझं लक्ष तिच्या रोजच्या व्यवस्थेकडे आहे. पीठ शाखेत मळलं जातं. लाटणाऱ्या बायका सकाळी शाखेत येतात, आदल्या दिवशी लाटून वाळवलेले पापड देतात, वजन होतं, मजुरी हातात पडते, नवं पीठ घेऊन त्या घरी जातात. लाटणं घरी, पण देणंघेणं शाखेत, सगळ्यांच्या समोर. मजुरीचा दर सगळ्यांना सारखा आणि सगळ्यांना ठाऊक. आज सुमारे ४५,००० स्त्रिया या पद्धतीनं काम करतात आणि संस्थेच्या सभासद म्हणून मालक मानल्या जातात. ज्या अनेक महिला उद्योगांनी लिज्जतची नक्कल केली आणि जे बुडाले, त्यांनी पापडाची नक्कल केली. रोजच्या त्या शाखेची केली नाही, असं माझं निरीक्षण आहे.

आणि मुंबईच्या गिरणगावातल्या खाणावळवाल्या. कोकणातून, घाटावरून एकट्यानं आलेल्या गिरणी कामगारांना या बायका आपल्या खोलीत रांधून जेवू घालत. पूर्णपणे स्वतःचा धंदा, स्वतःच्या घरात. गिऱ्हाईक महिन्याच्या पगारावर पैसे देणार, तोवर वाणसामान उधारीवर, आणि उधारीचं व्याज कंबर मोडणारं. संप झाला की कामगार उपाशी राहू नये म्हणून या बायकांनी आणखी उधारी करायची. गोव्याच्या मुक्तिलढ्यात उतरलेल्या आणि पुढे गिरणगावात काम करणाऱ्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं आणि एकेकट्या खोलीत अडकलेल्या या बायकांना गटागटानं बँकेच्या दारात नेलं. राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळालं तेव्हा सावकार सुटला. स्वतःचा धंदा करणाऱ्याला मालक नसतो, पण सावकार असतो, घाऊक व्यापारी असतो, आज त्याच्या जोडीला मोबाइलवरचा मंच असतो. या सगळ्यांपुढे एकटीनं उभं राहणं हीच खरी दुबळी अवस्था असते.

आता हिंजवडीकडे येऊ. घरून कामानं संगणक क्षेत्रातल्या माणसाला खूप काही दिलं आहे आणि ते काढून घ्यावं असं मी मुळीच म्हणणार नाही. बाणेरहून हिंजवडीला जाताना वाकडच्या पुलावर रोज जाणारे दोन तास वाचले. लातूरच्या, सांगलीच्या मुलीला गाव न सोडता पुण्याचा पगार मिळू लागला. चाकाच्या खुर्चीवर असलेल्या माणसाला पहिल्यांदा कुणी जिना, लिफ्ट, बस यांबद्दल न विचारता कामावर घेतलं. नोव्हेंबर २०२० मध्ये दूरसंचार खात्यानं कॉल सेंटर आणि तत्सम सेवांवरचे जुने निर्बंध काढले आणि जुलै २०२२ मध्ये विशेष आर्थिक क्षेत्राच्या नियमांत ५० टक्क्यांपर्यंत कर्मचाऱ्यांना घरून काम करू देण्याची मुभा आली. बाळंतपणाच्या लाभाच्या कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनं तर बाळंतपणाच्या रजेनंतर, कामाचं स्वरूप तसं असेल आणि दोघांची संमती असेल, तर घरून काम देण्याची वाट मोकळी केली होती.

पण याच मुलांच्या तोंडून जे ऐकायला मिळतं ते विडीवालीच्या तक्रारीपासून फार लांब नाही. घरभाडं वाढलं, कारण कामाला एक खोली जास्त लागते. ती खोली कंपनीची नाही. वीज, इंटरनेट, खुर्ची आपली. रात्री साडेदहाला अमेरिकेतल्या माणसाची मीटिंग. सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत कामाच्या वेळेनंतर संपर्क नाकारण्याच्या हक्काचं खासगी विधेयक मांडलं, ते पुढे गेलं नाही. फ्रान्समध्ये असा हक्क २०१७ पासून आहे. जर्मनीत अंथरुणातून उठून घरातल्या कामाच्या टेबलाकडे जाताना जिन्यात पडलेल्या माणसाचा अपघात हा कामावरचा अपघात आहे, असं तिथल्या सर्वोच्च सामाजिक न्यायालयानं २०२१ मध्ये ठरवलं. आपल्याकडे घरी काम करताना पाठीचा मणका सरकला तर तो ‘घरगुती’ आजार.

बायकांचं तर वेगळंच. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणारी स्त्री दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवते, तर घरकाम करणारा पुरुष ९७ मिनिटं, असं दिसलं. ऑफिसात गेलेल्या सुनेला निदान दिवसाचे नऊ तास कुणी ‘जरा गॅस बंद कर गं’ म्हणत नव्हतं. विडीच्या सुपाशेजारी चूल होती, लॅपटॉपशेजारी कुकरची शिट्टी आहे. हे आपल्या घरातलं आहे. त्यासाठी कुठल्या कंपनीला पत्र लिहायला नको. सासऱ्यांनी, नवऱ्यांनी, मुलांनी ते आज संध्याकाळपासून बदलावं, अशी माझी इथल्या प्रत्येक पुरुषाला विनंती आहे.

मला अधिक काळजी वाटते ती या मुलांच्या एकटेपणाची. शेजारच्या घरातला मुलगा त्याच कंपनीत त्याच कामाला कमी पगार घेतो आहे हे त्याला ठाऊक नसतं. तिघांना काढून टाकलं तर चौथ्याला ते तीन दिवसांनी कळतं, कारण पडद्यावरचे तीन चौकोन नाहीसे झालेले असतात. सोलापूरच्या रांगेत जे पाच मिनिटांत कळत होतं ते इथे वर्षभर कळत नाही.

आणि याहून वाईट अवस्था तिची, जिला ना रांग आहे ना पडदा. गोवंडीत, धारावीत, मालाडला, इथे पुण्याच्या वस्त्यांमध्येही, ठेकेदाराचा माणूस दारात पोतं टाकून जातो. खोट्या दागिन्यांचे खडे चिकटवणं, कपड्यांचे दोरे कापणं, साड्यांना फॉल लावणं. दर तो सांगेल तो. माल कुणासाठी बनतो, दुकानात किती किमतीला जातो, हे तिला माहीत नसतं. शेजारणीला वेगळा ठेकेदार, वेगळा दर. तिला कारखान्यापर्यंत जावं लागत नाही ही सोय म्हणून सांगितली जाते आणि त्या सोयीतच तिचं सगळं बळ गेलेलं असतं. इला भट्ट यांनी १९७२ मध्ये अहमदाबादेत ‘सेवा’ ही अशा बायकांची संघटना सुरू केली तेव्हा नोंदणीला अडचण आली ती हीच, की या बायकांना ठरलेला मालक नाही, मग तुम्ही भांडणार कुणाशी? भांडण्याआधी बायकांनी एकमेकींना भेटायला हवं, हे त्यांनी जाणलं. ‘सेवा’सारख्या संघटनांच्या रेट्यामुळेच १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं घरून होणाऱ्या कामाबद्दलचा १७७ क्रमांकाचा करार केला. घरून काम करणाऱ्याला इतर कामगारांइतकीच वागणूक, संघटनेचा हक्क, मजुरीत समानता, असं त्यात आहे. ज्या देशातल्या बायकांनी हा करार घडवायला हातभार लावला त्या भारतानं अजून त्याला मान्यता दिलेली नाही. ती द्यावी, ही मागणी या व्यासपीठावरून ठरावाच्या रूपानं जावी, अशी माझी पदाधिकाऱ्यांना सूचना आहे.

दुसरी सूचना या वाचनालयाच्या हातातली आहे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे महाराष्ट्रात गावोगावी अनुदानित वाचनालयं आहेत. त्यांच्या अभ्यासिका स्पर्धा परीक्षेच्या मुलांनी भरलेल्या असतात, पण सभागृहं दुपारी बहुतेक बंद असतात. हे आपलं सभागृहही बारा ते चार बंद असतं. ते आठवड्यातून एक दुपार घरून काम करणाऱ्यांसाठी उघडावं. फॉल लावणारी येऊ दे, डबे करणारी येऊ दे, शिकवण्या घेणारी, भाषांतर करणारा, कंपनीचा मुलगा, सगळे येऊ देत. भाषण नको, मार्गदर्शन नको. एका फळ्यावर प्रत्येकानं आपल्या कामाचा दर लिहावा, नाव न लिहिता: एका साडीच्या फॉलला किती, एका डब्याला किती, भाषांतराच्या एका पानाला किती, पैसे किती दिवसांनी मिळतात, नाकारलेल्या कामाचं काय होतं. फळा पुसू नये. पुढच्या आठवड्यात येणाऱ्यानं त्याखाली आपला दर लिहावा. महिन्याभरानं कामगार कायदा जाणणारा एक वकील तिथे बसवू. त्या कामाला मी येईन, माझे दोन विद्यार्थीही तयार आहेत. चिटणीसांशी माझं काल बोलणं झालं आहे; किल्ली कुणाकडे ठेवायची एवढंच ठरायचं आहे, आणि येत्या बुधवारी चार ते पाच या वेळात कार्यालयात त्यासाठी नावं नोंदवून घेतली जातील.